कचऱ्याची भट्टी, तिचा धूर आणि पालिकेची तिजोरी : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाबाहेर ‘कचऱ्यापासून वीज’ प्रकल्प येणार, किंवा पालिका प्लास्टिक जाळायची मशीन घेणार, अशी कुणकुण लागली की प्रश्न ठरलेले असतात. धूर किती येणार, तपासणार कोण, पैसे कुणाचे, आणि कागद कानडीत आला तर करायचे काय? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी या भागातल्या वाचकांना समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. बीदर-भालकी आणि हल्याळ-कारवारकडच्या मराठी मंडळींनाही यातले बहुतेक लागू पडते. राज्य एकच, प्रदूषण मंडळ एकच, कायदेही तेच.

इन्सिनरेटर नेमका कशाला म्हणायचा? साखर कारखान्याचे धुराडे त्यात धरायचे का?

नाही, आणि ही गफलत आपल्याकडे फार होते. गळीत हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडते ती बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) बॉयलरची. बगॅस हे इंधन आहे, कचरा नव्हे. साखर कारखान्यांच्या धुराड्यातून निघणाऱ्या धूलिकणांसाठी २०१६ च्या अधिसूचनेत घनमीटरला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. कचऱ्याच्या भट्टीला ती ५० आहे. तक्रारीत चुकीचा नियम लिहिला तर उत्तर एका ओळीत येते : ‘लागू नाही.’

कचरा जाळणाऱ्या भट्ट्या, म्हणजेच इन्सिनरेटर, वेगळ्या. शहरातला घनकचरा जाळणारी भट्टी घनकचरा व्यवस्थापन नियमांखाली येते. दवाखान्यांचा कचरा जाळणारी भट्टी जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ खाली येते. कचऱ्यातले जळाऊ साहित्य सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळतात, त्याला सिमेंट उद्योगाचे स्वतःचे मानक आहे. आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक प्रकार दिसतो : डिस्टिलरीचे सांडपाणी आटवून जो घट्ट स्लॉप उरतो, तो जाळणारा बॉयलर. कारखान्याच्या आवारात दोन धुराडी असतील तर बगॅसचे कोणते आणि स्लॉपचे कोणते, हे आधी विचारून घ्या. अटी वेगवेगळ्या असतात.

शहरी कचऱ्याच्या भट्टीला धुराची मर्यादा किती?

२०१६ च्या घनकचरा नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत ती दिली आहे. दर घनमीटर धुरात धूलिकण ५० मिलिग्रॅम, हायड्रोजन क्लोराइड ५०, सल्फर डायऑक्साइड २००, नायट्रोजनची ऑक्साइड्स ४००, हायड्रोजन फ्लोराइड ४, एकूण सेंद्रिय कार्बन २०. कार्बन मोनॉक्साइडची अर्ध्या तासाची सरासरी १०० च्या आत आणि दिवसाची ५० च्या आत हवी. पारा ०.०५, कॅडमियम आणि थॅलियम मिळून ०.०५, शिसे, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल वगैरे नऊ धातू मिळून ०.५. डायॉक्सिन आणि फ्युरान ही जहाल विषारी संयुगे मात्र मिलिग्रॅममध्ये नव्हे, नॅनोग्रॅममध्ये मोजतात : ०.१.

भट्टीच्या बांधणीलाही अट आहे. दोन कक्ष हवेत, दुसऱ्या कक्षात किमान ९५० अंश सेल्सिअस तापमान हवे, आणि वायू तिथे निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. खाली पडणाऱ्या राखेत सेंद्रिय कार्बन ३ टक्क्यांपेक्षा कमी हवा. जास्त निघाला तर कचरा नीट जळालाच नाही.

२०१६ च्या नियमांच्या जागी नवे घनकचरा नियम जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२६ पासून अमलात आले. घरातच कचऱ्याचे चार भाग करायचे, ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, ही त्यातली मोठी गोष्ट. वरचे आकडे प्रदूषण मंडळाच्या आधीच्या संमतीपत्रांत (परवानगीच्या कागदांत) आणि तपासणी अहवालांत तुम्हाला भेटतील, म्हणून ते दिले.

जाता जाता : सिमेंटच्या भट्टीत कचरा जाळला तर हायड्रोजन क्लोराइडची मर्यादा १० आहे. तोच कचरा पालिकेच्या भट्टीत जाळला तर ५०. पाचपट सूट का, याचे पटेल असे कारण मला तरी सापडलेले नाही. दोन्ही मर्यादा केंद्राच्याच.

अहवालात सगळे आकडे मर्यादेत आहेत. मग आता शंका कसली?

एक रकाना बघा : ऑक्सिजन. बरेच जण तो वाचतच नाहीत.

धूर मोजताना त्यात बाहेरची स्वच्छ हवा मिसळली तर दर घनमीटरमागे घाण आपोआप कमी दिसते. दुधात पाणी घातल्यासारखेच. म्हणून नियम सांगतो की प्रत्येक आकडा कोरड्या धुराचा आणि ११ टक्के ऑक्सिजनवर बेतलेला हवा. हिशेब अवघड नाही. २१ मधून ११ वजा केले की १० उरतात. धुरात प्रत्यक्ष सापडलेला ऑक्सिजनही २१ मधून वजा करा. १० ला त्या उरलेल्या आकड्याने भागा आणि जे येईल त्याने मोजलेला आकडा गुणा.

समजा अहवालात लिहिले आहे : धूलिकण ४० मिलिग्रॅम, ऑक्सिजन १६ टक्के. ४० म्हणजे ५० च्या आत, सगळे ठीक. आता हिशेब करा. २१ वजा १६ म्हणजे ५. दहाला पाचने भागले की २. चाळीस दुणे ऐंशी. म्हणजे ही भट्टी मर्यादेच्या दीडपटीहून जास्त घाण सोडते आहे आणि अहवालावर ‘पास’ लिहिले आहे. आता ४० हा आकडा आधीच दुरुस्त करून लिहिलेला असेल तर तसा उल्लेख अहवालात असतो. उल्लेख नाही आणि ऑक्सिजनचा रकानाही कोरा, असे असेल तर त्या अहवालाला काही अर्थ नाही, आणि तसे लेखी कळवायला कुणा इंजिनिअरची गरज नाही.

दुसरी गोष्ट बघायची ती नमुना घेतल्याची वेळ. भट्टी पेटवताना आणि विझवताना धूर सगळ्यात वाईट असतो. नमुने मात्र भट्टी तापून स्थिरावल्यावर, सकाळी अकराच्या सुमारास, निवांत घेतले जातात. पावसाळ्यात आपल्याकडे हेस्कॉमची वीज दिवसातून किती वेळा जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. वीज गेली की धूर ओढणारा पंखा थांबतो. गाळणीला धक्का बसू नये म्हणून अशा वेळी आपत्कालीन झडप उघडते आणि धूर गाळणी चुकवून सरळ बाहेर पडतो. म्हणून जनरेटर आहे का, आणि ती झडप महिन्यात किती वेळा उघडली याची नोंदवही आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारण्यासारखे आहेत.

डायॉक्सिनची एवढी धास्ती का घेतात?

ते कुणी भट्टीत टाकत नाही, तिथेच तयार होते. कचऱ्यात क्लोरीन असले (पीव्हीसी पाइप, रेक्झिन, वायरींची आवरणे) आणि जळण अर्धवट झाले, की ते बनते. वरच्या कक्षात ते मोडले तरी धूर थंड होताना साधारण २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान पुन्हा जुळते. म्हणून धूर झटकन थंड करावा लागतो, त्यात सक्रिय कार्बनची भुकटी सोडावी लागते आणि मग तो कापडी गाळण्यांतून न्यावा लागतो. डायॉक्सिन शरीरातल्या चरबीत साठते आणि गाईम्हशींच्या दुधात उतरते. आपल्याकडे भट्टीच्या आसपास गोठे असणारच, तेव्हा हा मुद्दा मांडाच.

त्याची तपासणी महाग आहे; नमुना घ्यायलाच सहा ते आठ तास लागतात. म्हणून ती वर्षातून एखाददुसऱ्या वेळी होते, आणि बाकीचे दिवस तापमानाच्या नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. दुसऱ्या कक्षाचे तापमान तासागणिक मागा.

तपासणी कुणाची जबाबदारी? महापालिकेची की प्रदूषण मंडळाची?

धुराची जबाबदारी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची. भट्टी उभारण्याआधी एक संमती आणि चालू करण्याआधी दुसरी, अशा दोन संमती मंडळाकडून घ्याव्या लागतात. हवा कायदा, १९८१ आणि पाणी कायदा, १९७४ यांखाली. बेळगावात मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आहे. मंडळाचा अधिकारी भट्टीत शिरून नमुना घेऊ शकतो, आणि हवा कायद्याच्या कलम ३१अ खाली मंडळ भट्टी बंद करण्याचा, अगदी तिची वीज तोडण्याचाही आदेश काढू शकते.

याच हवा कायद्यातले फारसे कुणाला ठाऊक नसलेले कलम आहे ५१. दिलेल्या संमतींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि ती संबंधित माणसाला बघायला खुली असते. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून महिनाभर वाट बघण्याआधी एकदा कार्यालयात जाऊन नोंदवही मागून बघा. ‘उद्या या’ म्हणाले तर तसे लिहून मागा.

इथे गाठ एक आहे. भट्टी पालिकेची असली तर एका सरकारी कार्यालयाने दुसऱ्याला नोटीस द्यायची असते. खासगी फाउंड्रीला जाते तेवढ्या तत्परतेने ती जात नाही, असे माझे मत.

गेटवर आकडे दाखवणारा फलक असतो, तो खरा मानायचा का?

सतत मोजणारे यंत्र धुराड्यात बसवून त्याचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरला जोडायचे, असे केंद्रीय प्रदूषण मंडळाचे आदेश २०१४ पासून आहेत. दवाखान्यांच्या सामायिक भट्ट्या त्यात पहिल्यापासून आहेत. फलक मात्र धूलिकण आणि काही वायूच दाखवतो. धातू आणि डायॉक्सिन त्यावर कधीच दिसणार नाहीत. आकडा तासन्‌तास दशांशालाही हलत नसेल तर फोटो काढा, वेळेसकट. जिवंत भट्टीचा आकडा स्थिर राहत नाही.

दवाखान्यांच्या कचऱ्याची भट्टी वेगळी कशी?

तिथे दुसऱ्या कक्षाचे तापमान जास्त लागते, १०५० अंश (पन्नास इकडेतिकडे). धुराडे किमान ३० मीटर उंच हवे. पिवळ्या पिशवीतला कचराच भट्टीत जायचा. लाल पिशवीतले सलाईनचे सेट, नळ्या जाळायच्या नाहीत, निर्जंतुक करून तुकडे करायचे. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल तर दवाखान्याने स्वतःची भट्टी टाकायची नाही. त्यामुळे एखाद्या नर्सिंग होमच्या मागच्या अंगणात डबा पेटलेला दिसला तर ‘पूर्वीपासून असंच करतो’ हे उत्तर चालत नाही.

शाळा-कॉलेजातल्या नॅपकिन जाळायच्या पेट्यांबद्दलही विचारणा होते. त्या छोट्या पेटीत ना दुसरा कक्ष असतो, ना गाळणी. मुलींच्या शौचालयाच्या खिडकीशेजारी ती बसवणे मला तरी योग्य वाटत नाही. सॅनिटरी कचरा वेगळा बांधून गाडीत देणे बरे.

प्रकल्प येण्याआधी आम्हाला विचारतात का?

पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना, २००६ प्रमाणे शहरी घनकचऱ्याच्या सामायिक प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात जनसुनावणी असते. ती मंडळ घेते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. तोंडी बोललात तर तेच लेखी द्या आणि पोच घ्या. पालिकेने ‘मशीन’ म्हणून विकत घेतलेल्या छोट्या भट्टीला मात्र बहुधा सुनावणी होत नाही. ती सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत एका ओळीत येऊन जाते, म्हणून नगरसेवकाला विषयपत्रिका मागत राहणे भाग आहे.

आता पैशाकडे या. भट्टीसाठी पालिकेला पैसे कुठून मिळतात?

घनकचरा हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार पालिकेचा विषय. पण पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नात भट्टी बसत नाही. पैसे मुख्यतः तीन वाटांनी येतात.

पहिली वाट केंद्रीय वित्त आयोगाची. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांच्या अनुदानाची अशी वाटणी केली : ४० टक्के मोकळे, ३० टक्के पाण्यासाठी बांधलेले, ३० टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी बांधलेले. बेळगावची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे ४.८८ लाख होती, म्हणजे बेळगावही याच गटात. एखाद्या नगरसभेला एक कोटी मिळाले असे धरले तर कचरा आणि स्वच्छतेच्या नावे ३० लाख खर्च झालेले दिसलेच पाहिजेत. मोकळ्या ४० टक्क्यांतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. २०२६ ते २०३१ हा काळ आता सोळाव्या आयोगाचा.

दुसरी वाट स्वच्छ भारत मिशन (शहरी) २.० ची, जे ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाले. त्यात घनकचऱ्याच्या प्रकल्पाला केंद्राचा वाटा वस्तीप्रमाणे ठरतो : लाखाच्या आतल्या गावाला ५० टक्के, एक ते दहा लाखांना ३३ टक्के, त्यावर २५ टक्के. २०११ च्या आकड्यांप्रमाणे निपाणी, चिकोडी, गोकाक, खानापूर ही सगळी लाखाच्या आतली. बेळगाव ३३ टक्क्यांत.

तिसरी वाट राज्याची : राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीवर मिळणारे अनुदान, आणि त्याला जोडून पालिकेची घरपट्टी आणि तिच्याबरोबर वसूल होणारा घनकचरा उपकर.

आता यात मेख कुठे आहे ते बघा. मिशनचा पैसा उभारणीचा आहे. इमारत, भट्टी, गाड्या येतात, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. भट्टी चालवायला मात्र धुरातले हायड्रोजन क्लोराइड शोषण्यासाठी रोज चुना लागतो, सक्रिय कार्बन लागतो, कापडी गाळण्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात, डिझेल लागते, प्रयोगशाळेचे बिल लागते. हा सगळा खर्च पालिकेच्या चालू खात्यावर पडतो आणि तिथे आधीच पौरकार्मिकांचे (सफाई कामगारांचे) पगार आणि गाड्यांचे इंधन रांगेत उभे असतात. ठेकेदाराचे बिल थकले की पहिली काटछाट चुना आणि कार्बनवर होते, कारण हायड्रोजन क्लोराइड डोळ्यांना दिसत नाही. गाडी आली नाही तर गल्लीत बोंब होते. चुना कमी पडला तर कुणाला कळत नाही. म्हणून धुराच्या नियमावर भांडताना अंदाजपत्रकातली देखभालीची ओळ हातात असलीच पाहिजे. त्या ओळीत चुना-कार्बन-गाळण्यांना पैसे ठेवलेले नसतील, तर ५० मिलिग्रॅमची मर्यादा पाळली जाण्याचा संभवच नाही, मग अहवाल काहीही म्हणोत.

टिपिंग फी म्हणजे काय, आणि ती आम्हाला का कळायला हवी?

खासगी कंपनी प्रकल्प चालवत असेल तर पालिका तिला टनामागे पैसे देते, तीच टिपिंग फी. वजन काट्यावर ठरते. ऊस उत्पादकाला काट्याबद्दल काही शिकवायला नको! फरक एवढाच की इथे वजन वाढले तर पैसे देणारे आपण.

एक हिशेब, आकडे नमुन्याचे. काट्यावर १०० टन कचरा आला, त्यात ६० टन ओला, आणि ओल्यातले ७० टक्के पाणी. म्हणजे ४२ टन पाण्याची फी आपण भरली, आणि तेच पाणी भट्टीत गेले तर ते वाफ होईपर्यंत तापमान खाली. जुलैत बेळगावात पाऊस लागला की उघड्या गाडीतला सुका कचराही ओला होतो. म्हणून करार वाचताना तीन गोष्टी बघा : फी आलेल्या वजनावर आहे की प्रक्रिया झालेल्या, गाड्या झाकलेल्या असाव्यात अशी अट आहे का, आणि रोज ठरावीक टन कचरा पुरवण्याची हमी पालिकेने दिली आहे का. तिसरी सगळ्यात घातक. हमी दिली की कचरा कमी करण्यात पालिकेचाच तोटा होतो.

वीज विकून खर्च भरून निघेल असे सांगतात. खरे का?

जपूनच ऐका. दिल्लीला तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने रोज ३०० टन कचऱ्याचा वीज प्रकल्प उभा राहिला आणि २१ दिवसांत बंद पडला. यंत्राला हवी तेवढी उष्णता त्या कचऱ्यात नव्हतीच. २०१६ चा नियम असा होता की किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा, पुन्हा वापरता न येणारा कचरा डेपोत पुरायचा नाही, इंधन म्हणून वापरायचा. उलट अर्थ असा की भाजीची देठे, शिळा भात, नारळाच्या ओल्या शेंड्या भट्टीत जायलाच नकोत. कर्नाटकात बिडदीला ११.५ मेगावॅटचा कचऱ्यावरचा वीज प्रकल्प आहे, पण त्याच्या पाठीशी बंगळूरचा कचरा आहे. निपाणीएवढ्या गावाने ते स्वप्न बघू नये. बागलकोट जिल्ह्यात मुधोळ तालुक्याच्या बाजूला सिमेंटच्या भट्ट्या आहेत. सुका, वर्गीकरण केलेला कचरा गाठोडी बांधून अशा ठिकाणी पाठवणे हा लहान पालिकेला जास्त परवडण्यासारखा मार्ग. वाहतूक कुणी भरायची, हा तिथला खरा वाद.

तुरमुरीसारख्या कचरा डेपोला आग लागली तर हेच नियम लागू होतात का?

धुराड्याची मर्यादा उघड्या आगीला लावता येत नाही, मोजणार कुठे? पण उघड्यावर कचरा जाळणेच बंद आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. कोपऱ्यावर पालापाचोळा पेटवणाऱ्या पौरकार्मिकाच्या अंगावर धावून जाऊ नका. गाडी वेळेत येत नाही म्हणून तो पेटवतो. तक्रार त्याच्या वरच्या आरोग्य निरीक्षकाच्या नावे करा. डेपोची आग आठवड्यापेक्षा जास्त धुमसत राहिली तर जिल्हाधिकारी आणि मंडळ दोघांना एकाच दिवशी लिहा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला वाव राहत नाही.

आमच्याकडे ग्रामपंचायत आहे. आम्हाला यातले काय लागू?

धुराचे नियम सगळेच. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या शेडला ‘स्वच्छ संकीर्ण’ म्हणतात आणि बचत गटाच्या बायका गाडी चालवतात. या शेडच्या मागे प्लास्टिक जाळले जाते अशा तक्रारी येतात. त्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) लेखी द्या, आणि पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

तक्रार मराठीत दिली तर चालते का?

तक्रार, निवेदन : हो. राज्यघटनेचे कलम ३५० सांगते की गाऱ्हाणे दूर करण्यासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. मराठी निवेदन परत करण्याचा अधिकार टेबलावरच्या माणसाला नाही.

माहिती अधिकाराचे मात्र वेगळे आहे. कलम ६ म्हणते अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत. मराठीत टाकलेला अर्ज भाषेच्या कारणावरून अडकू शकतो. इथे तत्त्वासाठी महिना घालवू नये. हिंदीत लिहा, लिपी तीच, आणि उत्तर कानडीत आले तर गल्लीतल्या कानडी शाळेत शिकलेल्या एखाद्या पोराकडून वाचून घ्या. भाषेच्या हक्काची लढाई आहे आणि ती लढायलाच हवी, पण भट्टीच्या फाइलमध्ये ती अडकवली तर भट्टीवाल्याचेच फावते.

माहिती अधिकारात नेमके काय मागायचे?

कर्नाटकच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये. म्हणून दोन अर्ज करा. मंडळाकडे : संमतीपत्राची प्रत अटींसह, गेल्या वर्षातले धुराड्याचे सगळे तपासणी अहवाल ऑक्सिजनच्या रकान्यासह, डायॉक्सिनचा शेवटचा अहवाल, दिलेल्या नोटिसा. पालिकेकडे : ठेकेदाराचा करार, गेल्या बारा महिन्यांची बिले आणि ती दिल्याच्या तारखा, काट्याच्या पावत्यांचा महिनावार गोषवारा, चुना-कार्बन-गाळण्या खरेदीची बिले, वित्त आयोगाच्या बांधील निधीचे उपयोगिता प्रमाणपत्र.

दोन्हीकडची उत्तरे आली की तारखा शेजारी शेजारी लावा. ज्या तीन महिन्यांत बिल थकले होते त्याच महिन्यांत चुन्याची खरेदी शून्य, आणि त्याच महिन्यांतला अहवाल ‘पास’ : असे दिसले तर पुढचे पत्र आपोआप लिहिले जाते. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. आयोगाचे पीठ बेळगावात आहे, बंगळूरला जायला लागत नाही.

नियम मोडला तर दंड कुणाच्या खिशातून जातो?

जन विश्वास कायदा, २०२३ नंतर पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालची कैद गेली आणि तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड आला, १ एप्रिल २०२४ पासून. प्रकल्प खासगी असेल तर करारात दंड ठेकेदारावर टाकलेला आहे का ते बघा. नसेल तर तो घरपट्टीतूनच जाणार. सप्टेंबर २०२२ मध्ये लवादाने महाराष्ट्रावर १२,००० कोटींची आणि ऑक्टोबरमध्ये कर्नाटकावर २,९०० कोटींची पर्यावरण भरपाई लावली, घनकचरा आणि सांडपाण्याच्या ढिलाईबद्दल. या बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिरवण्यासारखे काही नाही.

भट्टी कर्नाटकात, धूर चंदगडच्या शेतात. दाद कुठे मागायची?

सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे, पण धुराच्या तक्रारीला त्याची वाट बघावी लागत नाही. संमती देणारे मंडळ कर्नाटकाचे, म्हणून पहिली तक्रार बेळगावच्या प्रादेशिक कार्यालयात. चंदगडच्या शेतकऱ्याने त्याची प्रत महाराष्ट्र मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयालाही द्यावी, म्हणजे तिथले अधिकारी शेताच्या बाजूची हवा मोजू शकतील.

लवादाकडे जायचे तर कर्नाटक दक्षिण पीठात मोडते, म्हणजे चेन्नई. पुणे जवळ, गाडी थेट, वकील मराठी बोलणारा, हे सगळे खरे. पण पुण्याचे पश्चिम पीठ महाराष्ट्र, गोवा, गुजरातकडचे. मुदत पाळा : हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत (सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस), नुकसानभरपाईचा कलम १५ खाली पाच वर्षांत. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये. अर्ज ऑनलाइन दाखल करता येतो आणि सुनावणीलाही व्हिडिओवर हजर राहता येते, त्यामुळे चेन्नईची खेप सहसा वाचते. कागद मात्र इंग्रजीत लागतात, तेव्हा मराठी-कानडी कागदांचे भाषांतर आधीच करून ठेवा.